पुसायची राहिलेली खूण

सकाळी तुम्ही वावरात गेलात आणि बांधावर दगडांचं एक नीट वर्तुळ मांडलेलं दिसलं, मधोमध एकच दगड, तर तुमच्या मनात पहिलं नाव कुणाचं येईल?

घाई करू नका. पण आलंच ना एक नाव? ते बहुतेक एखाद्या बाईचं असणार, आणि ती बहुतेक एकटी राहत असणार. मी हे अंदाजानं म्हणत नाही. दौंड तालुक्यातल्या एका गावात मी ते घडताना पाहिलं आहे.

माझं घर शिरूरचं. वडील सणसवाडीला कंपनीत शिफ्टला जायचे आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं वाटायचे. हुंड्याविरुद्ध, जातीविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध. आमच्याकडे धान्याच्या डब्याखाली पत्रकं, फडताळात पत्रकं, गादीखाली पत्रकं. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या मथळ्यांवरून, त्यामुळे ‘जागे व्हा’ हे मला वाचता आलेलं पहिलं वाक्य. आई म्हणायची, ही पोरगी पाणी मागते तेसुद्धा घोषणा दिल्यासारखं.

शाळेत मी गाईडच्या पथकात नाव घातलं तेव्हा वडिलांनी कपाळाला आठ्या घातल्या. ही गोऱ्या साहेबांनी आणलेली चळवळ, आपल्याला काय करायची, असं त्यांचं म्हणणं. आमच्या गाईडच्या बाईंनी मला सांगितलेला इतिहास मी त्यांना सांगितला. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी साहेबांच्याच देशात गणवेशातल्या स्काऊट मुलांचा एक मोठा मेळावा भरला होता आणि तिथे काही मुली तसाच वेश करून, कुणी बोलावलेलं नसताना जाऊन उभ्या राहिल्या. आम्हीही यातल्याच, म्हणाल्या. मुलींनी असं रानावनात हिंडावं हे थोरामोठ्यांना पटेना, म्हणून त्यांची वेगळी संघटना काढून दिली. मग ती साम्राज्याच्या बोटीत बसून आपल्याकडे आली. सुरुवातीला फक्त साहेबांच्या मुलींसाठी. आपल्या मुलींना दार उघडलं ते नंतर. वचनात राजाचं नाव होतं, ते देश स्वतंत्र झाल्यावर गेलं. आज ती चळवळ जगभर आहे.

वडील म्हणाले, “म्हणजे आधी अडवलं आणि मग वेगळ्या पंगतीला बसवलं.”

“पण न बोलावता गेल्या की नाही?” मी म्हणाले. यावर त्यांच्याकडे पत्रक नव्हतं. निळा गणवेश आला.

पदवी झाली, नोकरी मिळेना, तेव्हा त्याच बाईंचा फोन आला. त्यांची खुटबावच्या पुढे एका गावात बदली झाली होती. तिथल्या माध्यमिक शाळेत त्यांनी मुलींचं पथक सुरू केलं होतं आणि हाताखाली कुणीतरी हवं होतं. गाव माझ्या मामाचंच. न्हावऱ्यावरून पारगावच्या पुलानं भीमा ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस सुरू होतो आणि तो काही संपत नाही. मी मामाकडे मुक्काम टाकला.

फेब्रुवारीत चिंतन दिन असतो. त्या दिवशी जगभरातल्या गाईड एकमेकींची आठवण काढतात. बाईंनी त्यासाठी माग काढण्याचा खेळ ठेवला. पुढची तुकडी वाटेवर खुणा करत जाते. दगडांचा बाण म्हणजे इकडून चला. फुली केलेल्या काटक्या म्हणजे इकडे येऊ नका. आणि शेवटी दगडांचं वर्तुळ, त्यात मधोमध एक दगड. त्याचा अर्थ, मी घरी गेले. मागच्या तुकड्या खुणा वाचत येतात आणि सगळ्यात मागची तुकडी त्या पुसत येते. वाटेवर आपलं काही मागे ठेवायचं नाही, हा नियम आहे.

पुढच्या तुकडीची लीडर नववीतली मुलगी होती. शेवटचं वर्तुळ तिनं आपल्याच आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, शेवंतीच्या वावराच्या तोंडाशी मांडलं. वाट पाटाच्या कडेनं जात होती. पाट म्हणजे कालव्याचं पाणी शेतांना देणारी चारी. खेळ अर्ध्यावर असताना पलीकडच्या फडात ऊसतोडीचे लोक ओरडायला लागले. बिबट्या दिसला होता. बाईंनी शिट्टी मारली, सगळ्या मुली गोळा केल्या आणि डांबरी रस्त्यानं परत आणल्या. शेवटच्या खुणा पुसायच्या राहिल्या. बिबट्या अंगणात येऊन बसतो अशा मुलखात त्या खुणांसाठी कुणी परत जाणार नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

पाटाच्या अगदी कडेला एका बाईचं पत्र्याचं घर होतं. सगळा गाव तिला पाटावरची काकू म्हणायचा. धनगराच्या घरची. सासरची मेंढरं कधीच विकली गेली, दीर पांगले, नवरा वारला, आणि ही चार शेळ्यांवर तिथेच राहिली. आबांच्या वावरात शेवंती तोडायला जायची, खुरपायला जायची. आमची वाट तिच्या दारावरून गेली तेव्हा तिनं मुलींना विचारलं होतं, “काय गं, काय हारवलंय तुमचं?” आणि मुली हसत पुढे गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना ते वर्तुळ दिसलं. त्याच आठवड्यात त्यांची दुभती गाय गोठ्यात बसली ती उठलीच नाही.

गावात कुणी काही बोललं नाही. मला वाटतं, तेच सगळ्यात भयंकर होतं. कुणी बोललं असतं तर खोडून काढता आलं असतं. शेवंती तोडताना बायका ओळीनं बसायच्या. काकू बसली की तिच्या शेजारच्या ओळी रिकाम्या राहायला लागल्या. मग तिला तोडणीला बोलावणंच बंद झालं. दुकानदार वस्तू तिच्या हातात न देता कट्ट्यावर ठेवायला लागला. पाटाच्या कडेनं सायकली पळवणारी पोरं डांबरी रस्त्यानं लांबून जायला लागली. नाव कुणीच घेतलं नाही, तरी प्रत्येकाला ठाऊक होतं.

लीडरनं घरी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, की आबा, ते वर्तुळ मी मांडलंय, तो आमचा खेळ आहे. आबांनी ऐकून घेतलं, बरं म्हणाले आणि पुन्हा विषय काढला नाही. मग बाई आणि मी त्यांच्या घरी गेलो. बसायला सतरंजी टाकली, चहा झाला. आम्ही पुस्तकातलं चित्र दाखवलं. आबांनी ते चष्मा लावून पाहिलं.

“मॅडम, तुमचा खेळ असंल, मी न्हाई म्हनत न्हाई,” ते म्हणाले. “पर पोरींच्या हातनं कुनी करवून घ्यातलं, ते पोरींना काय कळनार?”

 आम्ही जे खरं सांगितलं होतं त्याचाच त्यांनी पुरावा करून टाकला होता.

आणि मग दुसरं वर्तुळ दिसलं. कांद्याच्या वाफ्याच्या कडेला. मग एक पाण्याच्या मोटारीच्या खोलीपाशी, एक विहिरीच्या थारोळ्याजवळ, उपसलेलं पाणी पडतं तिथे. आता मधल्या दगडावर लिंबू होतं आणि कुंकू. मी शाळेत मुलींना बसवून विचारलं, कुणी गंमत म्हणून करतंय का. कुणीच मान वर केली नाही. तास संपल्यावर लीडर माझ्यापाशी आली.

“ताई, आमचा गोल बारका आस्तो,” ती म्हणाली. “आमाला येवढं दगडं उचलत न्हाईत. ह्ये मोठ्या हातानं मांडल्यात.”

त्या दिवसापासून रस्त्यानं जाताना मी माणसांच्या हातांकडे बघायला लागले.

मला जे येत होतं ते मी केलं. पत्रक लिहिलं. शिरूरला जाऊन छापून आणलं, वर लाल टायपात ‘जागे व्हा’. त्यात त्या खुणांचा अर्थ लिहिला, मुलींच्या चळवळीची हकीकत लिहिली, बाईमाणसावर असा आळ घेणं हा कायद्यानं गुन्हा आहे हेही लिहिलं. घरोघर वाटलं. लोकांनी दोन्ही हातांनी घेतलं. कुणी फाडलं नाही, कुणी वाद घातला नाही. काही जणांनी तर आणखी एक मागून घेतलं, आणि मी खूश झाले.

चारसहा दिवसांनी एका बांधावर नवीन वर्तुळ दिसलं. लिंबाखाली काहीतरी दाबून ठेवलं होतं. वाकून पाहिलं तर माझं पत्रक. चौघडी घातलेली, हळद लावलेली, ‘जागे व्हा’ वरच्या बाजूला.

सकाळची वेळ होती, ऊन चांगलं वर आलेलं. वारा नव्हता. तरी उसाची पानं आत कुठेतरी एकमेकांवर घासत होती. मला ते पत्रक उचलायचं होतं. लहानपणापासून वाचलेली सगळी वाक्यं तोंडात तयार होती आणि हात पुढे जात नव्हता. माझेच शब्द, माझाच कागद, आणि मला त्याची भीती वाटत होती. तेवढ्यात शेजारून लीडरनं हात घातला, लिंबू बाजूला केलं, पत्रक काढलं, स्कर्टला पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

“घ्या. तुमचंच हाय.”

त्यानंतर बाईंनी ठरवलं, की राहिलेला खेळ पुरा करायचा. मागच्या तुकडीचं काम बाकी आहे, म्हणाल्या. रोज शाळेच्या आधी आम्ही बांधांवरून फिरायचो आणि वर्तुळं मोडायचो. बऱ्याच आयांनी आपल्या मुलींना पाठवायचं बंद केलं. ज्या येत होत्या त्या थोड्या होत्या. पाटावर धुकं असायचं, पुढची मुलगी दिसायची नाही, नुसता दगड पाण्यात पडल्याचा आवाज यायचा. आम्ही मोडायचो आणि दुसऱ्या दिवशी आणखी कुठेतरी नवीन असायचं. बाणाला दिशा असते, वर्तुळाला नसते. तरीही बरेच दिवस हिंडल्यावर मला दिसलं, की ती वर्तुळं सरकत होती. गावाच्या बाजूनं पाटाकडे, एका वावरातून दुसऱ्या वावराच्या हद्दीला. एका सकाळी वर्तुळ काकूच्या शेळ्यांच्या वाड्याला टेकलेलं होतं.

ती शेळ्यांना पाला टाकत होती. तिनं ते केव्हाच पाहिलेलं होतं.

“रोज थोडं थोडं जवळ येतंय,” ती म्हणाली. मग मुलींचे उतरलेले चेहरे बघून हसली. “आगं, माझं घर पाटावर, तुमचं गाव पाटाखाली. पानी वरनं येतं, तवा समदंच माझ्याकडनं येतं आसं वाटतंय त्यांना.”

गावानं तिला रविवारी बैठकीला बोलावलं होतं. काही दिवस भावाकडे जाऊन राहा, असं सांगणार होते. काही दिवस म्हणजे कायमचं, हे तिला कळत होतं. मी म्हणाले, आपण पोलिसांत जाऊ, वडिलांची माणसं येतील, कायदा आपल्या बाजूनं आहे. तिनं पाला झटकला.

“पोलीस यील आन् जाईल, पोरी. मला हितंच ऱ्हायाचंय. आन् भावाकडं कुठं जाऊ? त्यो मेंढरामागं हिंडतोय. त्याचंच घर घोड्याच्या पाठीवर.”

शनिवारी सकाळी लीडर आणि मी दोघीच निघालो. शेवंतीच्या वावरापाशी धुक्यात कुणीतरी उकिडवं बसलेलं दिसलं. आम्ही थांबलो. दगडावर दगड टेकवल्याचा बारीक आवाज येत होता. टोपी, धोतर, कोपरी. लीडर माझ्या आधी ओळखणार हे उघड होतं.

“आबा,” ती म्हणाली.

ते दचकले नाहीत. हातातला दगड जागेवर ठेवला आणि मग मान वळवली.

“तू कशाला आलीस थंडीची?”

“ह्ये तुमी मांडताय?”

“उलटवतोय.” त्यांचा आवाज अगदी घरातला होता, चुलीपुढे बसून बोलावं तसा. “नदीपल्याडच्या देवऋषानं सांगितलंय. आपल्या बांधावर जसं घावलं तसंच मांडायचं, मधी लिंबू ठिवायचं, आन् पुढच्याच्या हद्दीला लावून द्यायचं. म्हंजी आपलं जातं.”

“पुढच्याच्या हद्दीला म्हंजी कुनाच्या?”

“ज्याची आसंल त्याची.”

“त्यो काय करील मंग?”

आबा उठले. गुडघे धरून, हळूहळू. “त्यो बी जाऊन आला आसंल की देवऋषाकडं,” ते म्हणाले, आणि त्या वाक्यापाशी थांबले. मला वाटतं, ते त्यांनी पहिल्यांदाच स्वतःच्या कानांनी ऐकलं. धुक्यात त्यांनी पुढच्या बांधाकडे पाहिलं. मग वर्तुळ तसंच ठेवून घराकडे गेले.

आम्ही तिथेच बसलो. मला सगळं दिसत होतं. एका माणसानं पाहिलं, घाबरला, तसंच मांडून शेजाऱ्याकडे ढकललं. शेजाऱ्यानं ते पाहिलं. प्रत्येक घरानं गुपचूप, पहाटे, आपल्यापुरतं. प्रत्येकाला वाटत होतं, समोरून कुणीतरी टाकतंय. आणि शेवटच्या हद्दीला, जिच्यापुढे ढकलायला कुणाचीच जमीन नव्हती, ती एकटी बाई राहत होती. मुलींच्या खेळातली, घरी पोचल्याची साधी खूण आख्खं गाव एकमेकांच्या दारात मांडत होतं.

लीडर म्हणाली, “ताई, उद्या मी आबांचं नाव घ्येनार न्हाई. पर गप बी बसनार न्हाई.”

बैठक ग्रामपंचायतीपुढच्या कडुलिंबाखाली, दुपारी. पुरुष ओट्यावर, बायका भिंतीच्या कडेला, काकू सगळ्यांपासून लांब, उन्हात. बाईंना आणि मला खुर्च्या दिल्या, म्हणजे आम्ही पाहुण्या आहोत आणि बोलायचं नाही, हे कळावं. एकानं सुरुवात केली. तुमच्यावर कुणाचा राग नाही, तुमच्या बऱ्यासाठीच सांगतोय, असं बरंच. काकू खाली बघत होती. लीडर भिंतीपासून सुटून मधे येऊन उभी राहिली. गणवेश घालून आली होती.

“पहिला गोल मी मांडला. काकूला ठावंसुदिक नव्हतं,” ती म्हणाली. “त्याच्यानंतरचं कुनी मांडलं त्ये त्यांनी सांगावं. मी थांबते.”

कुणीतरी हसलं. बस खाली पोरी, कुणीतरी म्हणालं. ती बसली नाही.  कडुलिंबाची वाळकी पानं पडत होती. मग ओट्यावर आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मी ठिवलं,” ते म्हणाले. “पर पहिलं न्हाई ठिवलं.”

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. त्यांच्या शेजारचा माणूस, ज्याच्या हद्दीला आबांनी लावलं होतं, तो घसा खाकरून म्हणाला, “मी बी ठिवलं. पर पहिलं न्हाई.” मग विहिरीवाला. मग कांद्याचा वाफा ज्याचा होता तो. कुणीच आवाज चढवला नाही. एकेक माणूस जमिनीकडे बघत तेच म्हणत होता, मी बी, पर पहिलं न्हाई.  भर दुपारी, ओळखीच्या माणसांत, ज्याच्या त्याच्या आवाजातून एकच कुणीतरी बोलतंय, असं वाटत होतं. जो माणूस बैठक चालवत होता तोही शेवटी म्हणाला. मग बोलायला कुणी उरलं नाही.

माफी कुणी मागितली नाही. भावाकडे जा, हे मात्र कुणी पुन्हा म्हणालं नाही. माणसं चपला घालून पांगली, बैठक उठली असंही कुणी जाहीर केलं नाही. काकू उठली, पदर झटकला आणि शेळ्या सोडायला गेली.

गोष्ट इथे नीट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. वर्तुळं बंद झाली, पण भीती गेली नाही. तिला अजून तोडणीला बोलावत नाहीत. दुकानदार अजून वस्तू कट्ट्यावर ठेवतो. सगळ्यांना माहीत आहे की तिनं काही केलं नाही, आणि तरीही पाय त्या वाटेला वळत नाहीत. खोटं उघडं पडल्यावरही ते अंगात राहतं, हे मला कुठल्याच पत्रकानं सांगितलं नव्हतं.

आता आमचं पथक दर रविवारी पाटाच्या कडेनं फिरायला जातं. पहिल्या रविवारी काकूनं बिनदुधाचा गूळचहा केला. कप कमी होते, काही मुलींना वाटीत दिला. घरून निघताना मुलींना बजावलं होतं की तिथे काही तोंडात घालायचं नाही. त्या वाटीकडे बघत बसल्या. चहा निवायला लागला. मीही बघत होते, खरं सांगते. लीडरनं वाटी उचलली आणि सगळा पिऊन टाकला. “काकू, आलं लई टाकलंय,” ती म्हणाली. काकू म्हणाली, “मंग पुढच्या येळंला तूच कर.” तेव्हा कुठे बाकीच्यांनी वाट्या उचलल्या. सगळ्यांनी नाही. दोघींचा चहा तसाच राहिला आणि काकूनं तो झाडाच्या बुडाशी ओतला. तो ओतताना तिचा चेहरा मी पाहिला आहे, म्हणून हे लिहिते आहे.

असं एक घर तुमच्या गावात आहे. तुमच्या सोसायटीत असेल, चाळीत असेल, वस्तीच्या टोकाला असेल. येत्या रविवारी दिवसाउजेडी, समोरच्या रस्त्यानं, चारचौघांना दिसेल असं तिथे जा. सोबत आपली मुलगी न्या. चहा मागून घ्या, दारात बसा आणि तो शेवटपर्यंत प्या.